वूस्टरच्या दारातली थाळी

इंग्लंडात माझे दोन वर्षे वास्तव्य झाले ते नगरपालिकांचे जमाखर्च तपासण्याची तिकडची पद्धत शिकून घेण्यासाठी. आणि ज्याने उभ्या हयातीत दुसऱ्यांच्या कीर्द-खतावण्यांतली चूक शोधून काढण्याचाच पगार घेतला, त्याला सुटीच्या दिवशीही तो रोग सोडीत नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. १९५४ च्या सप्टेंबरात वूस्टरच्या संगीत महोत्सवाला मी गेलो तो कान घेऊन कमी आणि तपासनिसाचे डोळे घेऊन अधिक. निदान सकाळी घरातून निघालो तो तरी तसाच.

बर्मिंगहॅममध्ये ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहत होतो त्या घरमालकीणबाई साठीच्या घरात आलेल्या, बोलण्यात मोजक्या आणि आदरातिथ्यात त्याहून मोजक्या अशा होत्या. परंतु रविवारी चर्चच्या गायकवृंदात बायकांच्या खालच्या पट्टीत त्या गात आणि त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता दिसे ती आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत दिसत नसे. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी पावाला लोणी लावता लावता त्या म्हणाल्या, "वूस्टर, हेरफर्ड आणि ग्लॉस्टर या तीन कॅथीड्रलांचे गायकवृंद दर वर्षी आळीपाळीने एकमेकांकडे जमतात. यंदा पाळी वूस्टरची आहे. पाद्र्यांच्या विधवा आणि पोरकी मुले यांच्यासाठी मदत गोळा होते. तुम्हाला यायचे असेल तर तिकीट मागवते." धर्मादाय म्हटल्याबरोबर माझ्यातला तपासनीस जागा झाला. तिकिटाच्या रकमेपैकी कितवा हिस्सा त्या विधवांना पोचतो, असे मी विचारले. बाईंनी सुरी खाली ठेवली. "तिकिटाचे पैसे संगीताचे," त्या म्हणाल्या. "विधवांची थाळी निराळी. ती दाराशी असते."

या उत्तराने माझे समाधान होण्याऐवजी कुतूहल वाढले. आपल्याकडे 'मदतीचा खेळ' म्हटला की त्याचा हिशेब कोणालाही समजण्याजोगा असतो: नाटक मंडळी एका रात्रीचे उत्पन्न एखाद्या शाळेला, दुष्काळ फंडाला किंवा विपन्नावस्थेतल्या नटाला देते, आणि प्रेक्षक खुर्चीची किंमत मोजताना आपण नाटकही पाहिले आणि पुण्यही जोडले या दुहेरी समाधानात घरी जातो. आमचे थोरले काका १९२१ साली मुंबईला झालेल्या 'संयुक्त मानापमाना'ला हजर होते, आणि त्या एका रात्रीच्या भांडवलावर त्यांनी पुढची तीस वर्षे घरातल्या प्रत्येक लग्नमुंजीत वक्तृत्व केले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर आले होते ते टिळक स्वराज्य फंडासाठी. गाणे आणि देणगी हे तिथे एकाच नोटेचे दोन भाग होते. मग गाणे एका खिशातून आणि दान दुसऱ्या खिशातून, ही इंग्रजी तजवीज कशासाठी?

बुधवारी, ८ सप्टेंबरला, स्नो हिल स्टेशनावरून आम्ही निघालो. बाईंच्या वेताच्या टोपलीत काकडीचे आणि चीजचे सँडविच होते. मांसावरचे नियंत्रण त्याच वर्षीच्या जुलैत उठले होते आणि चौदा वर्षांच्या शिधावाटपानंतर डब्यातली इतर मंडळी ज्या भक्तिभावाने डुकराच्या मांसाचे काप उलगडून पाहत होती, तो पाहून माझ्यासारख्या शाकाहाऱ्यालाही गहिवरून यावे. किडरमिन्स्टर गेले, ते गालिच्यांसाठी प्रसिद्ध. ड्रॉइटविच गेले, ते जमिनीतून वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यासाठी रोमन लोकांनाही ठाऊक असलेले. गाडी पुलावरून खालच्या रस्त्यावर आपली सावली टाकीत वूस्टरच्या फोरगेट स्ट्रीट स्टेशनात शिरली तेव्हा पश्चिमेला मॉल्व्हर्नच्या टेकड्यांची निळसर रांग दिसू लागली होती, आणि ती पाहून मला, उगाचच असेल, वाईच्या बाजूने दिसणाऱ्या पाचगणीच्या पठाराची आठवण झाली.

वूस्टर या नावाचा उच्चार आणि त्याची इंग्रजी अक्षरे यांचा संबंध आमच्या काही नगरपालिकांचे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या संबंधाइतकाच दूरचा आहे. त्या अक्षरांची ओळख आपल्या लोकांना सॉसच्या बाटलीवरून होते. ली आणि पेरिन्स या तिथल्या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ च्या सुमारास तो विकायला काढला आणि बंगालचा गव्हर्नर राहून परतलेल्या कोणा लॉर्डाने त्याची कृती हिंदुस्थानातून आणली, अशी आख्यायिका बाटलीबरोबर जगभर गेली. त्या लॉर्डाचे नाव बंगालच्या गव्हर्नरांच्या यादीत कुठेच सापडत नाही, ही गोष्ट निराळी. हिंदुस्थानचा खरा संबंध नदीपलीकडे आहे. सेव्हर्नच्या काठावर जे क्रिकेटचे मैदान आहे तिथेच आपल्या संघाचे इंग्लंडचे दौरे सुरू होत. १९४६ साली पतौडीच्या नवाबांचा आणि १९५२ साली आमच्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांचा संघ पहिला सामना खेळला तो इथेच, आणि तेव्हा वृत्तपत्रांत आलेल्या छायाचित्रांत खेळाडूंच्या मागे जो चौकोनी उंच मनोरा दिसत होता तो याच कॅथीड्रलचा, हे नदीच्या काठावर उभे राहिल्यावर माझ्या ध्यानात आले. नदीकडच्या जुन्या दरवाज्याच्या भिंतीवर निरनिराळ्या सालांच्या पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. १७७० ची खूण सर्वांत वर, १९४७ ची तिच्या जवळपास. नदीने आपले दप्तर इतके चोख ठेवलेले मी अन्यत्र पाहिले नाही.

गर्दी जमण्यापूर्वी बाईंनी मला कॅथीड्रलमध्ये नेले आणि ओळखीच्या एका वृद्ध सेवकाला सांगून वेदीपर्यंत जाऊ दिले. हे मंदिर उभारायला वुल्फस्टन नावाच्या सॅक्सन बिशपने १०८४ साली आरंभ केला. त्या काळचे तळघर, बुटक्या खांबांच्या दाट राईसारखे, अजून शाबूत आहे. वेदीसमोर राजा जॉन संगमरवरात निजला आहे. मोठी सनद करून देणारा, आणि करून दिल्याबरोबर ती मोडायला निघालेला हा राजा १२१६ साली मेला आणि त्याच्याच इच्छेनुसार त्याला इथे आणून पुरले. परंतु बाईंना मला दाखवायचे होते ते राजा जॉनचे थडगे नव्हे. वेदीच्या उजव्या अंगाला दगडी जाळीकामाने वेढलेला एक प्रार्थनाकक्ष आहे, इतका नाजूक की लाकूड कोरल्याचा भास व्हावा. त्यात सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर पुरलेला आहे. हा राजपुत्र १५०२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी वारला, लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

"आमचा महोत्सव इथून सुरू होतो," बाई म्हणाल्या.

मला वाटले, त्यांना गायकांची मिरवणूक इथून निघते असे काही सांगायचे असावे. परंतु बाई पाद्र्याच्या घरात वाढलेल्या होत्या आणि इतिहास त्यांच्याकडे घरगुती वस्तूसारखा होता. आर्थरच्या मागे राहिलेली कॅथरिन ही स्पेनची राजकन्या पुढे त्याच्याच धाकट्या भावाला, आठव्या हेन्रीला दिली. आणि कालांतराने ते लग्न मोडून मिळावे म्हणून हेन्रीने रोमच्या पोपशी भांडण मांडले आणि इंग्लंडचे धर्मपीठ रोमपासून तोडले, हे शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. रोम होते तोवर पाद्र्याला लग्नाची मुभा नव्हती. हेन्रीने स्वतः सहा राण्या केल्या तरी पाद्र्यांच्या लग्नाला अखेरपर्यंत सक्त मनाई ठेवली, हा त्याचा न्याय! परंतु बांध एकदा फुटला होता. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १५४९ मध्ये, पाद्र्यांच्या विवाहाला कायद्याने मोकळीक मिळाली. मेरी राणीने ती काढून घेतली, एलिझाबेथच्या काळात ती नाखुषीने का होईना परत रूढ झाली. पाद्र्यांना बायका आल्या, तशा यथाकाल विधवाही आल्या. एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या विधवेपासून निघालेला हा ओघळ असा सबंध देशभरच्या पाद्र्यांच्या विधवांपर्यंत येऊन पोचतो, आणि तो जिथून निघाला त्या थडग्यापासून दोनशे पावलांवर त्या विधवांसाठी थाळी धरली जात होती.

पाद्र्याच्याच विधवेचे एवढे काय, असे मी विचारले. सैनिकाची विधवा आहे, शिक्षकाची आहे, दर्यावर्दी माणसाची आहे. बाईंनी जे सांगितले ते आपल्या वतनदारीच्या नेमके उलट आहे म्हणून इथे थोडे विस्ताराने देतो. आपल्याकडे जोशीपण, कुलकर्णीपण, देवस्थानची पूजा हे वतन असे. बाप गेला तरी इनामाची जमीन, घर आणि हक्काचे बलुते मुलाकडे जाई, आणि मुलगा अज्ञान असला तर भाऊबंद कारभार पाहत. भाऊबंदांनी त्या विधवेचा किती छळ केला असेल तो भाग सोडून द्या. पण डोक्यावर छप्पर तरी राही. इंग्लंडातल्या पाद्र्याला गावचे घर, जमिनीचे उत्पन्न आणि धर्माचा कर हे सर्व मिळे ते त्याच्या पदाला, त्याच्या वंशाला नव्हे. तो ज्या दिवशी मेला त्या दिवशी त्याचे उत्पन्न मेले. आणि त्याच्या जागी नवा पाद्री नेमला गेला की ज्या घरात तिची बाळंतपणे झाली ते घर विधवेला रिकामे करून द्यावे लागे. शिकलेला, सभ्य म्हणून वागवला गेलेला, परंतु बहुधा निर्धन असा हा वर्ग. त्याच्या मुलांना धड मोलमजुरी येत नाही आणि उच्च शिक्षणाला पैसा नाही. लंडनमध्ये या पाद्रीपुत्रांसाठी १६५५ सालापासून सेंट पॉलच्या कॅथीड्रलमध्ये वार्षिक प्रार्थना आणि वर्गणी होत असे, आणि दुसऱ्या चार्ल्सने १६७८ मध्ये ती चालवणाऱ्या संस्थेला सनद दिली.

"माझे वडील इथून पंधरा मैलांवरच्या एका खेड्यात पाद्री होते," बाई थडग्याच्या जाळीकडे पाहत म्हणाल्या. "मी सात वर्षांची होते. नवे पाद्री आले ते फार भले गृहस्थ होते, त्यांनी आम्हाला फळझाडांचा हंगाम संपेपर्यंत राहू दिले." एवढेच. शाळेची फी कोणी दिली, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. परंतु या महोत्सवाला त्या पन्नास वर्षे का येत होत्या हे त्या वेळी मला उमगले.

तीन गायकवृंदांचा हा मेळा सुरू झाला तो १७१५ च्या सुमाराचा मानतात. आरंभी तो शेजारशेजारच्या तीन कॅथीड्रलांतल्या गायकांनी आणि हौशी गृहस्थांनी वर्षातून दोन दिवस एकत्र गाण्याचा घरगुती शिरस्ता होता. त्याला धर्मादायाची जोड दिली ती १७२४ मध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलचे चॅन्सेलर टॉमस बिस यांनी. तीन धर्मप्रांतांतले पाद्री गरीब, हे त्यांना ठाऊक होते. जमणारे श्रोते सधन, हेही दिसत होते. तेव्हा प्रार्थना आटोपून मंडळी बाहेर पडताना दाराशी थाळ्या धराव्यात आणि जमेल ते त्या त्या प्रांतातल्या पोरक्या मुलांच्या आणि विधवांच्या निर्वाहाकडे लावावे, अशी त्यांनी तजवीज केली. गाण्याचा खर्च मात्र थाळीतून एक पैही करायचा नाही! तो कोणी करायचा? दर वर्षी काही प्रतिष्ठित गृहस्थ 'स्टुअर्ड' म्हणजे कारभारी नेमले जात. तिकिटांतून खर्च निघाला तर उत्तम, न निघाला तर तूट कारभाऱ्यांनी स्वतःच्या तिजोरीतून भरायची. आणि तूट येई. लंडनहून नामांकित गायक आणावेत, वाद्यवृंद वाढवावा, हँडेलची मोठमोठी काव्यसंगीते गावीत, तसतसा आकडा वाढत गेला, कारभारी व्हायला कोणी धजेना, आणि एका माणसाला न झेपणारा बोजा वाटून घेण्यासाठी कारभाऱ्यांची संख्याच पुढे पुढे वाढवीत न्यावी लागली. शंभर-दीडशे वर्षे एखादा महोत्सव तोट्यात चालतो आणि तरी बंद पडत नाही, असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर लाल शाईने काय लिहिले असते हे मला ठाऊक आहे.

नदीकाठी सँडविच खाताना मी तो आक्षेप बाईंना ऐकवलाच. ज्या धनिकांनी गाण्याची तूट भरून काढली त्यांनी तीच रक्कम सरळ विधवांना का दिली नाही? बाई म्हणाल्या, "तुम्हाला खरेच वाटते, त्यांनी दिली असती?" मग मी त्यांना 'संयुक्त मानापमाना'ची गोष्ट सांगितली, काकांच्या आवेशाने सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि एवढेच विचारले, "आणि त्या रात्री मोठा पाऊस पडून थिएटर रिकामे राहिले असते तर?" तो खेळ जुलैतला, आणि जुलैत मुंबईला पाऊस पडतोच, हे त्यांना मी सांगितले नाही. परंतु प्रश्नाचा रोख मला कळला. मदतीच्या खेळात आधी नटांचा, पडद्यांचा, दिव्यांचा खर्च वजा जातो आणि मग शिल्लक राहील ती अनाथाची. इथे अनाथाची रक्कम खर्चाच्या रांगेत उभीच राहत नाही. गाण्याला तोटा आला तरी थाळी तोट्यात जात नाही, कारण तिला भांडवलच नाही. तीस वर्षे जमाखर्च तपासल्यावर एका गायिकेकडून हा धडा घेण्याची पाळी आली.

हँडेलच्या 'मेसाया'चाच दाखला घ्या. ते काव्यसंगीत प्रथम गायले गेले डब्लिनला, १७४२ च्या एप्रिलात, तेही धर्मादायासाठीच. दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी यांच्यात उत्पन्न वाटले गेले आणि १४२ कैदी ऋणमुक्त होऊन सुटले असे सांगतात. तो मदतीचा खेळ होता, आपल्यासारखा, आणि फार थोर होता. तेच संगीत १७५९ मध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये आले, आणि पुढे दीड शतकाहून अधिक काळ या महोत्सवात जवळजवळ दर वर्षी झाले. इथे त्याच्या तिकिटाने गायक पोसले आणि त्याच्या श्रोत्यांनी दाराशी विधवा पोसल्या. दोन्ही पद्धतींत पोट भरते. कोणती बरी, ते ठरवण्याची घाई त्या दिवशी मला राहिली नव्हती.

या व्यवस्थेवर घाला आला तोही पैशाच्याच रूपाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वूस्टरच्या कॅथीड्रलचा मोठा जीर्णोद्धार झाला. डडलीचे अर्ल हे त्या भागातले कोळसा-लोखंडाचे कोट्यधीश. त्यांनी दहा हजार पौंड देऊ केले, आणि अट घातली की देवाच्या घरात तिकिटे विकून गाण्याचे जलसे यापुढे होऊ नयेत. डीन आणि त्यांचे मंडळ दबले. १८७५ चा महोत्सव झाला तो वाद्यवृंदावाचून, नामांकित गायकांवाचून, केवळ ऑर्गनच्या साथीवर चालणाऱ्या प्रार्थनांचा. लोकांनी त्याला लुटुपुटीचा महोत्सव म्हणून नाव दिले ते इतिहासात राहून गेले. विधवांची थाळी त्याही वर्षी होती, परंतु गाणेच नाही तर तिच्यापाशी येतो कोण? अर्लांच्या दानशूरपणाविषयी मला संशय नाही. अटी घालून दिलेल्या देणग्यांची मी इतकी दप्तरे पाहिली आहेत की मला एवढेच जाणवते, मोठी रक्कम बोलू लागते आणि थाळीतले नाणे मुके असते. तीन वर्षांनी वूस्टरची पाळी पुन्हा आली तेव्हा वाद्यवृंद कॅथीड्रलमध्ये परतला होता, आणि त्यातल्या दुय्यम व्हायोलिनांत शहरातल्या हाय स्ट्रीटवरच्या वाद्यांच्या दुकानदाराचा एकवीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचे नाव एडवर्ड एल्गार. १८८४ मध्ये बोहेमियाचे द्वोर्झाक आपली रचना चालवायला इथे आले तेव्हाही तो वादकांत होता. पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ संगीतकार म्हणून याच व्यासपीठावर तो उभा राहिला. आणि तरीही १९०२ मध्ये त्याचे 'ड्रीम ऑफ जेरॉन्शियस' इथे गायले गेले ते त्यातले मेरीमातेचे आणि संतांचे कॅथलिक उल्लेख गाळूनच. धर्मपीठ भुकेल्याला उदारपणे पोसते, शब्दांच्या बाबतीत मात्र हात आखडतो, हे सगळीकडचेच.

आम्ही आत जाऊन बसलो तेव्हा कॅथीड्रल भरून गेले होते. त्या दिवशी ऐकायचे होते ते राल्फ व्हॉन विल्यम्स यांचे 'होदिए', नाताळाचे नवे काव्यसंगीत, पहिल्यांदाच गायले जाणारे, आणि ते चालवायला स्वतः व्हॉन विल्यम्स उभे होते. वय एक्याऐंशी पूर्ण. शरीर वडाच्या खोडासारखे, कानांनी जवळजवळ दगा दिलेला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, १९१० च्या सप्टेंबरात, ग्लॉस्टरच्या याच मेळ्यात यांनीच टॉमस टॅलिसच्या सुरावटीवर रचलेली तंतुवाद्यांची कृती प्रथम ऐकवली होती, आणि ती ऐकून हर्बर्ट हॉवेल्स आणि आयव्हर गर्नी हे दोन पोरसवदा संगीतप्रेमी रात्रभर त्या शहराच्या रस्त्यांतून भटकत राहिले होते. त्यांपैकी गर्नी पहिल्या महायुद्धातून परतल्यावर वेडाच्या इस्पितळात गेला आणि तिथेच मेला. हॉवेल्स मोठा संगीतकार झाला, आणि त्यालाच 'होदिए' अर्पण केलेले आहे.

पाश्चात्त्य संगीताचा मी जाणकार नव्हे. रागदारीवर पोसलेल्या कानाला दोनशे कंठांचा एकसमयावच्छेदेकरून निरनिराळ्या पट्ट्यांतला उठाव प्रथम गोंगाटच वाटतो. आरंभीचा लॅटिन जयघोष माझ्या अंगावर कोसळला आणि निघून गेला. परंतु पुढे मुलांच्या कोवळ्या आवाजांनी, फक्त ऑर्गनच्या साथीवर, ख्रिस्तजन्माची कथा सांगायला घेतली आणि मी सावरून बसलो, कारण ही रीत माझ्या ओळखीची होती. आख्यान एका संथ सुरात चालवायचे, प्रसंग आला की थांबायचे आणि एखाद्या कवीचे पद घोळवून म्हणायचे. पद संपले की पुन्हा आख्यान. हरिदासी कीर्तनाच्या उत्तररंगात वाढलेल्या माणसाला याचे भाषांतर करून देण्याची गरज नाही. मिल्टन, हर्बर्ट, ड्रमंड या जुन्या कवींची पदे त्यात होती, आणि टॉमस हार्डीचे एक होते, ज्यात गोठ्यातले बैल नाताळाच्या मध्यरात्री गुडघे टेकतात अशी खेड्यातली समजूत आहे, आणि ती आता कोणी खरी मानीत नाही, तरी कोणी बोलावले तर पाहायला जाईन, या आशेवर कवी थांबतो. संथ, भरदार पुरुषी आवाजात ते पद चालले होते तेव्हा मला बेंदराच्या दिवशी शिंगांना हुरमुंज लावलेली आमची जोडी आणि तिच्या पुढ्यात पुरणपोळीचे ताट घेऊन उभी असलेली आई दिसली. व्हॉन विल्यम्स स्वतः श्रद्धाळू नव्हते, हे मी नंतर वाचले.

सप्टेंबरात नाताळ! परंतु शेवटच्या मिल्टनच्या पदापर्यंत ते कोणाच्या ध्यानात राहिले असेल असे वाटत नाही. अखेरचा कल्लोळ कमानींत विरत गेला, वृद्ध संगीतकाराचा हात खाली आला, आणि माझे दोन्ही हात टाळीसाठी वर आले ते बाईंनी आपल्या हाताने खाली दाबले. कॅथीड्रलमध्ये टाळ्या वाजवण्याची मुभा नव्हती. ज्याला मैफलीत समेवर मान हलवून, 'क्या बात है' म्हटल्यावाचून घास गिळत नाही त्याला ही शांतता किती कठीण जाते ते मी काय सांगू! हजारो माणसे निश्चल बसली होती. तो वृद्ध माणूस क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग सावकाश खाली उतरला. त्याच्या कानांना ही शांतता आणि टाळ्यांचा कडकडाट यांत फारसा भेद वाटला असता का, कोण जाणे.

लोक उठले ते त्याच शांततेत. एरवी टाळ्यांत मोकळे व्हायचे ते सगळे मनात तसेच घेऊन माणसे दाराकडे सरकत होती, आणि दाराशी दोन गृहस्थ पितळी थाळ्या घेऊन उभे होते. तोंडाने कोणी काही मागत नव्हते, कसलाही फलक नव्हता. नाणी पडत होती त्यांचा आवाज मात्र येत होता, आणि मध्येच नोट पडली की तेवढ्यापुरता तो थांबे. टाळ्यांना मनाई आणि थाळी दाराशी, या दोन शिरस्त्यांची सांगड टॉमस बिस यांनी बुद्ध्या घातली होती असे मला म्हणायचे नाही. परंतु ज्याने कोणी घातली असेल त्याला माणसांच्या हातांची चांगली पारख होती.

बाईंनी हातमोज्यातून काही तरी काढून थाळीत ठेवले. टाकले नाही, ठेवले. आणि किती ते पाहायला मी सवयीने मान वळवली तशी त्यांनी दुसरा हात त्यावर आडवा धरला. मी अर्धा क्राऊन टाकला. तो फार वाजला.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि ओठांच्या आत आपला खालचा सूर म्हणत होत्या. रात्री खोलीवर आल्यावर शिरस्त्याप्रमाणे मी रोजखर्चाची वही काढली. रेल्वेभाडे 'प्रवास' या सदरात गेले. चहा आणि एक बन 'भोजन' या सदरात. महोत्सवाचे तिकीट 'करमणूक' मध्ये आदल्या आठवड्यातच पडले होते. राहिले दोन शिलिंग सहा पेन्स. 'धर्मादाय' असे सदर माझ्या वहीत मी उघडलेच नव्हते, आणि वर्षाच्या मध्येच नवे सदर उघडणे माझ्या खात्याच्या नियमांत बसत नाही. बराच वेळ लेखणी हातात धरून बसलो आणि शेवटी ती रक्कम 'किरकोळ' मध्ये लिहिली.